वहीतला लाल शेरा

आमच्या प्रयोगशाळेत ताईंना सगळे पाठीमागे ‘तीनदाताई’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नाही. एकतीस वर्षं त्या तंत्रज्ञ आहेत आणि हातात येईल ती वस्तू तीनदा धुतात. घरी कपबशीसुद्धा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी यजमानांनी विचारलं होतं, “आधीच्या दोन वेळा काय करतेस मग?” ताईंनी ओली कपबशी पुसायला त्यांच्या हातात दिली. पुन्हा त्यांनी विचारलंही नाही.

मी तिथलं भांडार आणि जुनं दप्तर सांभाळतो. चिठ्ठी आणली की वस्तू मिळते, चिठ्ठी नसली की मिळत नाही. त्यामुळे मी कुणाला फारसा आवडत नाही. ताईंचं नि माझं जमतं, कारण त्या चिठ्ठी आणतात.

ताईंचा नियम एकच: वहीत नाही ते झालंच नाही. आणि वहीत चुकलं तर गिरगटायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण.

दोन वर्षांपूर्वी सरांनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, अ‍ॅप्टामरचं काम हाती घेतलं. मला कळलं तेवढं सांगतो, हसू नका. डीएनएचे अब्जावधी छोटे तुकडे घ्यायचे, सगळे वेगवेगळे. प्रत्येक तुकडा आपल्या परीने दुमडतो आणि त्याला आकार येतो. त्यातला एखादा आकार आपल्याला हव्या त्या प्रथिनाला घट्ट धरून बसतो. तो अ‍ॅप्टामर. मूत्रपिंड बिघडू लागलं की लघवीत एक प्रथिन उतरतं, ते सरांना पकडायचं होतं. म्हणून ते प्रथिन धुळीएवढ्या चुंबकी मण्यांवर बसवायचं, वर तुकडे ओतायचे, नळीला बाहेरून चुंबक लावायचं. मणी काचेला चिकटतात, बाकीचं धुऊन टाकायचं. जे धरून राहिले ते सोडवायचे, यंत्रात त्यांच्या लाखो प्रती काढायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा दहा फेऱ्या. प्रबंध सरांच्या विद्यार्थिनीचा, धुणं ताईंचं.

दुसऱ्या फेरीनंतर ताई म्हणाल्या, “सर, कोऱ्या मण्यांवरून एकदा काढायचं ना? प्रथिन नसलेल्या? नाहीतर मण्यालाच धरणारे मागे राहतील.”

“वेळ नाही हो ताई. पुढच्या वेळी बघू.”

ताईंनी वहीत तसंच लिहिलं: ‘कोऱ्या मण्यांचं विचारलं. पुढच्या वेळी बघू म्हणाले.’ मग त्या फेरीतलं उरलेलं द्रावण नळीत भरलं, नाव-तारीख चिकटवली आणि फ्रीजरमध्ये ठेवलं. प्रत्येक फेरीतलं त्या असं ठेवायच्या. सर त्याला अडगळ म्हणायचे.

दहाव्या फेरीनंतर निकाल झकास आला. सर लोकांना स्वतःहून दार उघडून देऊ लागले. मग खरी चाचणी झाली: लघवीचा नमुना, मणी आणि चमकणारा रंग लावलेला अ‍ॅप्टामर एकत्र करून धुवायचं, प्रथिन असेल तरच नळी यंत्रात चमकायला हवी. रुग्णांचे नमुने यंत्रात चमकले. एक निरोगी नमुना हवा होता, तो सरांनी स्वतःचाच दिला. तो रुग्णांपेक्षा जास्त चमकला.

सर दोन दिवस भरपूर पाणी प्यायले आणि डॉक्टरकडे जाऊन आले. मूत्रपिंडं ठणठणीत निघाली. चूक प्रयोगात असावी असं त्यांना तेव्हा कुठे वाटलं, आणि खापर फोडायला डोकं शोधत फार लांब जावं लागलं नाही. ताईंच्या वहीत लाल शाईने शेरा पडला: ‘धुणे अपुरे.’ खाली सही, तारीख.

ताईंच्या निवृत्तीला एकोणीस दिवस उरले होते. निवृत्तीला वही दप्तरात जमा होते आणि कायमची राहते. एकतीस वर्षांत त्यांच्या वहीत लाल शेरा नव्हता.

माझं डोकंच फिरलं. “नाचता येईना, अंगण वाकडं! अहो, ते पान दाखवा ना त्यांना, तुम्ही विचारल्याचं!”

“त्यानं मी विचारलं होतं एवढंच कळेल,” ताई म्हणाल्या. “मी नीट धुतलं, हे कुठे कळतं? कोरे मणी द्या मला.”

“चिठ्ठी?” मी सवयीने बोलून गेलो आणि माझी मलाच लाज वाटली. त्यांनी चिठ्ठी आणलीच होती.

रुग्ण नाही, प्रथिन नाही, लघवी नाही. नुसते कोरे मणी, शुद्ध पाणी आणि तो झकास अ‍ॅप्टामर. ताईंनी ते तीस वेळा धुतलं. विद्यार्थिनी शेजारी उभी राहून मोजत होती. मग नळी यंत्रात ठेवली आणि ती लख्ख चमकली. यंत्राच्या हिशेबाने पाण्याचंही मूत्रपिंड गेलं होतं.

ती प्रबंधवाली मुलगी माझ्या खिडकीशी येऊन रडली. “काका, दोन वर्षं पाण्यात गेली हो माझी.” ताईंनी तिला हाताला धरून फ्रीजरपाशी नेलं. “ही दुसऱ्या फेरीची नळी. इथून सुरू कर. आधी कोऱ्या मण्यांवरून काढ, तिथे चिकटतील ते फेकून दे.”

सरांना निकाल दाखवला. ते “हं” म्हणाले आणि आत गेले. पुढचे पंधरा दिवस त्यांना ताईंच्या टेबलासमोरून जायचं कामच पडलं नाही. शेरा होता तिथेच होता.

निरोपाच्या दिवशी मुलगी नव्या पाचव्या फेरीपर्यंत पोचली होती आणि तिचं पाणी चमकत नव्हतं. हार झाला, भाषणं झाली. सर म्हणाले, “ताईंच्या हातासारखा हात नाही. मध्यंतरी त्या धुण्याबाबत माझा जरा गैरसमज झाला होता.” टाळ्या पडल्या.

ताई उठल्या. पिशवीतून वही काढून त्यांनी सरांसमोर उघडली. “तोंडी नको, सर. वहीत.”

सरांनी पेन काढलं आणि शेरा गिरगटायला घेतला.

“एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे.”

सरांनी एक रेघ मारली. सही केली. तारीख टाकली. पेनाला टोपण लावलं.

“कारण राहिलं,” ताई म्हणाल्या.

सरांनी टोपण पुन्हा काढलं आणि लिहिलं: ‘कोरे मणी न वापरण्याचा निर्णय माझा. धुणे योग्य होते.’

ताईंनी ते तीनदा वाचलं. मग वही मिटून माझ्याकडे दिली. “घ्या जमा करून.”

मी चिठ्ठी मागितली नाही.