वळणावरचा पट्टा

दादरच्या चौपाटीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत गंगाधर सबनीस राहतात. विमा कंपनीत कारकून होते, आता निवृत्त. अंगानं बारीक, बोलायला सावकाश, भाजीवाल्यालाही 'अहो' म्हणणारे. अशा माणसावर पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ आली ती ढब्बूमुळं. ढब्बू म्हणजे त्यांचा कुत्रा. तांबूस, दांडगा आणि स्वभावानं मालकासारखाच गरीब.

पिल्लू असताना त्याला मंडईमागून उचलून आणलं ते मृणालिनीबाईंनी. संध्याकाळी दोघं नवरा-बायको त्याला फिरवायला न्यायची. घरापासून वळणापर्यंत पट्टा गंगाधररावांच्या हातात. गल्ली वळते आणि समुद्राचा वारा तोंडावर येतो, तिथून पुढं बाईंच्या हातात. कुणी ठरवलेलं नव्हतं. संसारात अशा वाटण्या आपोआप पडतात.

मग बाई गेल्या. दिवसवार उरकल्यावर गंगाधरराव ढब्बूला घेऊन बाहेर पडले. वळण आलं आणि हातानं आपली जुनी सवय पाळली. डावीकडं पट्टा पुढं केला आणि सोडला.

पट्टा खाली पडला नाही.

कमरेएवढ्या उंचीवर तो तसाच राहिला, थोडा झोळ पडलेला, बाई धरायच्या तसा. ढब्बू शेपटी हलवत चालू लागला. गंगाधररावांनी तिकडं वळून पाहिलं नाही. तिन्हीसांजेला विहिरीत वाकून बघू नये, तसं. परतताना वळणाशी त्यांनी हात पुढं केला, तर पट्टा हातात आला. त्यानंतर रोज हेच. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि येणारे-जाणारे आपापल्या मोबाइलमध्ये. कुणाचा पट्टा कुणाच्या हाती, हे कोण बघतं?

बघितलं ते तुळसा कोळणीनं. मृणालिनीबाईंच्या दारात ती वर्षानुवर्षं मासळी घेऊन येत असे. एका संध्याकाळी रिकामी पाटी घेऊन ती परतत होती. वळणाच्या पुढं गंगाधरराव दिसले तशी तिला बाईंची आठवण झाली. दोन शब्द बोलावेत म्हणून ती डावीकडून जवळ आली, आणि त्यांच्या नि पट्ट्याच्या मधे शिरली. ज्या ढब्बूला तिनं कोळंबीची डोकी चारून मोठं केलं, तो गुरगुरलासुद्धा नाही. त्यानं तिचा उजवा हात धरला आणि मनगटापासून अंगठ्यापर्यंत फाडला.

गंगाधररावांनीच तिला टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. टाके पडले, इंजेक्शनं सुरू झाली. अंगठा बरेच महिने वळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. अंगठ्याशिवाय मासा कापता येत नाही. तिचा भाचा रूपेश ठाण्यात जाऊन तक्रार देऊन आला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

गंगाधररावांचा मुलगा उन्मेष वकील मित्राला विचारून आला. पाळलेल्या जनावराला आवरण्यात हयगय केली आणि माणसाला इजा झाली, तर गुन्हा मालकावर. तुरुंगही होऊ शकतो. पट्टा आपोआप तुटला असेल तर गोष्ट वेगळी. एवढं सांगून त्यानं पक्कड घेतली आणि पट्ट्याची कडी तोडली. "बाबा, कडी तुटली एवढंच सांगा. पुढचं मी बघतो."

गंगाधररावांना मोह पडला. तुरुंगाची भीती होतीच, पण खरी भीती निराळी होती. आपण सोडला असं कबूल केलं, की तो पट्टा पुन्हा कधी सोडता येणार नव्हता. वळणाच्या पुढची सोबत तिथंच संपणार होती.

ते तुळसाला भेटायला गेले. बांधलेला हात मांडीवर घेऊन ती बसली होती. रागावलेली नव्हती. ती हळूच म्हणाली, "भाऊ, चुकले मीच. मी वयनीच्या अंगावरून गेले. बर्फाच्या पेटीत पडल्यावानी गार लागलं बघा. पोलिसाला मी तसंच सांगेन. पट्टा वयनीच्या हातात होता."

आमच्या गावाकडं बैलानं कुणाला मारलं, तर बैलाला कुणी विचारत नाही. कासरा कुणाच्या हाती होता, ते विचारतात. शहराचा कायदाही तेच विचारतो, फक्त टेबलापलीकडून. पोलीस ठाण्यात हवालदारानं पेन उचललं आणि विचारलं, "पट्टा कोणाच्या हातात होता?"

उन्मेषनं तुटकी कडी टेबलावर ठेवली. तुळसानं बोलायला तोंड उघडलं. तिच्या आधी गंगाधरराव बोलले.

"माझ्या. मी सोडला."

"म्हणजे हातातून सुटला?"

"सोडला. रोज त्या वळणावर सोडतो."

"बाबा, काय बोलताय तुम्ही?" उन्मेष म्हणाला.

"काका, मी काय लिहून घेतोय ते कळतंय ना?"

"कळतंय. कुत्रा माझा, हात माझा. लिहा."

तुळसानं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली.

तुरुंग टळला, दंड झाला. तुळसाच्या औषधपाण्याचं आणि बसून गेलेल्या महिन्यांचं त्यांनी भरून दिलं. यापुढं पट्टा हातातून सुटणार नाही, अशी हमी त्यांनी न्यायालयात दिली.

त्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी पट्टा मनगटाला गुंडाळून घेतला. वळणावर ढब्बू थांबला आणि डावीकडं मान वर करून शेपटी हलवू लागला. पट्ट्याला हळूच ओढ लागली. कुत्र्याची नव्हे, डावीकडून, मऊ, आता माझ्याकडं द्या असं म्हणणारी. गंगाधररावांनी मूठ आवळली.

"नाही," ते म्हणाले. "आता माझ्याकडंच राहील."

ती ओढ पुढं बरेच दिवस येत राहिली, रोज थोडी कमी. ते रोज मूठ आवळत. एका संध्याकाळी ढब्बू वळणावर थांबलाच नाही. गंगाधरराव मात्र थांबले.