तापलेली इस्त्री

ताई चहा गाळत होती, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून असा आवाज आला की गाळणं हातातून सुटलं. धाकट्या भावाने तिच्या नवऱ्याच्या गालावर तापलेली इस्त्री दाबली होती. जळलेल्या कातडीचा वास, नवऱ्याचं गुरासारखं ओरडणं, आणि त्याच्या छातीवर गुडघा रोवून भाऊ विचारतोय, "आमच्या भावोजींना कुठं पुरलंस? त्यांचं तोंड लावून फिरतोस?" ताईने लाटणं उचललं आणि पाठच्या भावाच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं.

भाऊ इस्त्रीवाला. स्किझोफ्रेनिया होता, पण गोळ्या चालू असल्या की माणूस सोन्यासारखा. बरं वाटतंय म्हणून त्यानेच त्या बंद केल्या होत्या.

कोर्टात घोडं अडलं ते पाण्यापाशी. इस्त्री उचलण्याआधी त्याने तिच्यावर पाणी शिंपडलं होतं. चर्र झालं, मगच उचलली. सरकारी वकील म्हणाले, "इस्त्री तापली का ते तपासून वार करणारा माणूस वेडा कसा?"

ताई साक्षीला उभी राहिली. "अहो साहेब, तो गार इस्त्रीवरसुद्धा शिंपडतो. ते त्याचे हात करतात, त्याला पत्ताही नसतो."

नवऱ्याने भाजल्याच्या व्रणाने ओढला गेलेला ओठ सावरत एवढंच सांगितलं, "मला ओळखलं असतं तर हात उचलला नसता. पत्त्यांत माझ्याशी मुद्दाम हरतो तो."

न्यायाधीशांनी ते मानलं. आपण करतोय ते चूक आहे हे त्या घटकेला त्याला कळत नव्हतं, म्हणून तो दोषी नाही. त्याला मनोरुग्णालयात ठेवा. तुरुंग टळला. ताई बाकावर बसली.

भाऊ मात्र आता गोळ्यांवर होता, सगळं समजत होतं. "म्हणजे मी केलंच नाही? भावोजींचा गाल बघा की. मीच केलं. शिक्षा द्या." गप्प बसायला सांगितल्यावर त्याने कठड्यावर कपाळ आपटलं. पुन्हा आपटलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. शिपायांनी त्याला पालथा पाडून मानेवर गुडघा दिला, तेव्हा कुठे तो थांबला.

व्हरांड्यात ताई रुमालाने त्याचं कपाळ दाबत होती. "येड्या, जिंकलो आपण."

"मला सोडणार कधी?"

"डॉक्टर बरा म्हणतील तेव्हा."

"आणि नाही म्हणाले तर? तुरुंगात निदान तारीख सांगतात, ताई."

रुमाल भिजून तिच्या बोटांना रक्त लागलं. हे तिने वकिलांना विचारलंच नव्हतं.