कडूबाईच्या नावावरच्या पाच टाक्या

मी गेवराईच्या तहसीलसमोर अर्ज लिहून देतो. एक टेबल, दोन खुर्च्या, वर ताडपत्री. बावीस वर्षांत माझ्यापुढं जी माणसं आली ती बहुतेक काही मिळत नाही म्हणून आली. अनुदान मिळत नाही, दाखला मिळत नाही, विम्यात नाव येत नाही. कडूबाई आली ती उलटं सांगत. तिच्या हातात गॅसच्या पाच पावत्या होत्या.

"ह्या पाच टाक्या माज्या नावावर हायत," ती म्हणाली. "मी एक बी घेतली न्हाई. तेवढं लिवून द्या."

तिच्याबरोबर सून विजयमाला होती, दिवस भरत आलेली. मी आधी तिला खुर्ची दिली आणि मग विचारपूस सुरू केली.

कडूबाई चकलांब्याच्या अलीकडच्या एका धनगर वस्तीवरची. वय पन्नाशीच्या पुढं. तिच्या आधीची तीन भावंडं अंगावर पिताना गेली, म्हणून हिला न्यावंसं कुणाला वाटू नये असं नाव ठेवलं. नवरा बिभीषण, मुलगा अजिनाथ, सून, आणि दीडशे मेंढ्या. दिवाळी झाली की घराला कुलूप घालायचं, घोडीवर बिऱ्हाड लादायचं आणि गोदाकाठानं माजलगावच्या बाजूला उतरायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. शेतकरी आपल्या वावरात मेंढ्या बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं, बदल्यात ज्वारी किंवा पैसे मिळतात. सहा-सात महिने तीन दगडांच्या चुलीवर स्वयंपाक. उन्हाळा सरताना परत घरी.

घरी सरकारी योजनेतलं गॅसचं कनेक्शन होतं. टाकी एकच, ती वर्षातून दोनदा भरून आणली तरी पुरे. या वर्षी सुनेचं बाळंतपण होतं म्हणून ही मंडळी लवकर परतली, आणि अजिनाथ रिकामी टाकी घेऊन नेहमीच्या एजन्सीत गेला. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि मान हलवली.

"हे गिऱ्हाईक आमच्याकडं न्हाई. नोव्हेंबरातच दुसऱ्या एजन्सीला गेलंय."

"कोण गेलं? आमी तर मेंढ्यावर गेलतो."

"तुमचा अंगठा हाय त्याच्यावर."

अंगठा होता, हे खरं. दिवाळीच्या आधी वस्तीवर दोन पोरं मशीन घेऊन आली होती. गॅसची केवायसी करून घ्या, नाहीतर टाकी बंद होईल, असं म्हणाली. मारुतीच्या पारावर बायकांची रांग लागली. कडूबाईनंही अंगठा टेकवला. त्या अंगठ्यानं तिचं कनेक्शन तीस किलोमीटर लांबच्या, कधी न पाहिलेल्या एजन्सीकडं गेलं, हे तिला सहा महिन्यांनी कळलं; मोबाईल नंबरही बदलला होता, ते त्याहून उशिरा.

दुसऱ्या दिवशी सासू-सून त्या नव्या एजन्सीत गेल्या. मालक बोलायला गोड होता. त्यानं चहा मागवला आणि पाच पावत्या छापून हातात दिल्या. डिसेंबर ते एप्रिल, महिन्याला एक.

"तुमच्या टाक्या पोच झाल्यात, मावशी. सबसिडीच्या टाक्या वर्षाला मोजूनच मिळत्यात. घाईनं संपवू नका."

"पन आमी घरीच नव्हतो!"

"ओटीपी सांगितल्याशिवाय टाकी उतरत न्हाई. तुमच्यातल्याच कुणी सांगितला असंल." मग तो हसून म्हणाला, "आन् सबसिडी तुमच्याच खात्यात पडली ना? मग नुकसान कुणाचं झालं?"

कडूबाई म्हणते की त्या वाक्यानं तिचं डोकं फिरलं. पासबुक भरून घेतलं तर खरंच पाच वेळा पैसे पडलेले. वस्तीवर ही गोष्ट सांगितली तेव्हा लोक हसले. बिभीषणसुद्धा म्हणाला, "फुकट आलेल्या पैशाला कुनी अर्ज करतं का? गप ऱ्हा."

"फुकट न्हाई ते," ती म्हणाली. "माज्या नावानं कुनीतरी जाळ केलाय. उद्या तिथं काय जळालं तर माजंच नाव निघंल."

माझ्यापुढं बसून तिनं हे सगळं सांगितलं, तेव्हा मलाही मनातून बिभीषणचंच म्हणणं पटत होतं, हे कबूल करतो. या कामात वर्षं घालवली की माणूस कुठं ताकद लावायची याचा हिशेब करायला शिकतो. पण अर्ज लिहिला. एक प्रत तहसीलच्या पुरवठा शाखेला, एक गॅस कंपनीच्या अधिकाऱ्याला. मागणी दोन ओळींची: संमती न घेता हलवलेलं कनेक्शन परत करावं, आणि न घेतलेल्या टाक्या नावावरून काढाव्यात.

पंधरा-वीस दिवस उत्तर आलं नाही. दरम्यान विजयमाला बाळंत झाली. मुलगी झाली. सरकारी दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आणली तेव्हा घरात भरलेली टाकी नव्हती; नव्या एजन्सीकडून मागवूनही आली नव्हती. चुलीच्या धुरानं बाळ खोकायला लागलं. शेजारच्या भिवराबाईनं ते ऐकलं आणि आपली टाकी डोक्यावर घेऊन ती दारात आली.

"मला कशाला लागतीया? मी फकस्त च्या करते हिच्यावर. लेकराचं पानी तापवा."

भिवराबाई एकटी राहणारी, विधवा. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वस्तीवर आलेल्या. कडूबाई मेंढ्यांमागं जायची तेव्हा घराची किल्ली हिच्याकडंच. पारावरच्या त्या रांगेत तीही होती. तिच्याही खात्यात अधूनमधून थोडे पैसे पडत होते. तिला वाटायचं, सरकार घालतंय. त्यात तिची गोळ्या-औषधं भागायची.

मग उत्तर आलं. एका ओळीचं. ग्राहकास सिलिंडर पोच झाल्याचे नोंदीवरून दिसून येते, ग्राहक त्या काळात घरी नसल्याचा पुरावा नाही, सबब तक्रार निकाली.

मी ते तिला वाचून दाखवलं आणि म्हणालो, "बाई, आता काय करणार? तुम्ही कुठं होतात याचा कागद कुठून आणायचा?"

तिनं पावत्या माझ्यापुढं सारल्या. मग म्हणाली, "मी दिडशे मेंढ्या घिऊन हिंडत होते. ज्याच्या वावरात बसले, त्याला ठावं नसंल व्हय?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

घरी जाऊन विजयमालानं बाळ मांडीवर घेतलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. ती दहावी झालेली. ती पावतीवरची तारीख वाचायची आणि त्या दिवशी कोणती तिथी, कोणता वार ते सांगायची. कडूबाईला तारखा कळत नव्हत्या, पण दिवस कळत होते.

"बारा डिसेंबर. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी."

"घोडीचा पाय मुरगळला ती एकादस. तवा आपन सरस्वतीबाईच्या वावरात होतो. तिनंच हळद लावली घोडीला."

"संक्रांत."

"भगवानरावाच्या उसाच्या खोडव्यापशी. त्याच्या मालकिनीनं वाण दिलं मला."

अशा पाचही तारखा त्या दोघींनी लावल्या. मग कडूबाई निघाली. एवढं अंतर दरवर्षी चालत कापलेलं, यंदा पहिल्यांदा एसटीनं. मेंढ्या नसताना त्या गावांत शिरायला तिला लाजल्यासारखं झालं. लोक विचारायचे, "कडूबाई, ह्या दिसात कशी काय? मेंढ्या कुटंयत?"

माजलगावच्या अलीकडचे भगवानराव उसवाले. वही ठेवणारा माणूस. त्यांनी मागची डायरी काढली. त्यात लिहिलेलं होतं: संक्रांत, बिभीषणच्या मेंढ्या, तीन रात्री, ज्वारी दिली. त्यांनी त्या पानाची झेरॉक्स काढली, खाली सही केली, आणि म्हणाले, "माजी सही लागली तर मी सोता येतो."

सरस्वतीबाईकडं वही नव्हती. तिनं कागदावर अंगठा दिला, पण आधी तीनदा वाचून घेतला. "अंगठ्यानंच तुजा घात केला ना? मग मी बी नीट ऐकूनच देनार," ती म्हणाली. कडूबाईला हे फार आवडलं. माझ्यापुढं सांगताना ती दोनदा हसली.

चौथ्या ठिकाणी मात्र एका बागाईतदारानं दारातूनच परत पाठवलं. एजन्सीचा मालक त्याच्या ओळखीतला निघाला. "मला त्या भानगडीत वढू नका," तो म्हणाला. त्याच्या वावरात ह्यांच्या मेंढ्या सात वर्षं बसत होत्या. परतीच्या गाडीत कडूबाईच्या मनाला तेवढंच लागून राहिलं. पाचातले चार कागद झाले.

आम्ही दुसरा अर्ज केला. या वेळी सुनावणी लागली. कंपनीचा अधिकारी बीडहून आला होता, तरुण, नीट ऐकणारा. एजन्सीचा मालक होता, कडूबाई आणि विजयमाला होत्या, आणि बिभीषणही आला होता, पांढरा फेटा बांधून. भगवानराव शब्दाप्रमाणं आले. मी कागद धरायला म्हणून मागं बसलो.

अधिकाऱ्यानं चार कागद वाचले. मग मालकाला विचारलं, "यांचं घर कुलूपबंद. टाकी कुणाच्या हातात दिली?"

"साहेब, डिलिव्हरीच्या पोरांना ठाऊक. ती पोरं आता सोडून गेली. पण ओटीपी ह्यांच्याच नंबरवर गेलाय."

पावतीवर नंबरचे शेवटचे चारच आकडे होते. अधिकाऱ्यानं आपल्या कॉम्प्युटरवर पूर्ण नंबर काढला आणि विजयमालाला विचारलं, "हा तुमचा?"

"न्हाई. आमच्यातल्या कुनाचाच न्हाई."

अधिकाऱ्यानं टेबलावरच्या फोनवरून तो नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. दोन रिंगांत फोन उचलला गेला. मागं भांड्यांचा आवाज होता.

"हां, बोला. पार्सल का जेवायला येताय? मटन संपत आलंय."

हायवेवरचा ढाबा. कडूबाईच्या नावाच्या टाक्या तिथं जळत होत्या. अधिकाऱ्यानं फोन ठेवला. मालकानं रुमालानं मान पुसली. कडूबाईनं सुनेला हळूच विचारलं, "काय म्हनला त्यो?" आणि विजयमालानं कानात सांगितलं तेव्हा तिनं फक्त डोळे मिटले.

महिन्याभरात लेखी निकाल आला. कनेक्शन जुन्या एजन्सीकडं परत, पाचही टाक्या नावावरून रद्द, नव्या एजन्सीला नोटीस. पुढं त्या एजन्सीला दंड झाला असं कानावर आलं, कागद मी पाहिला नाही. एजन्सी अजून चालू आहे.

कडूबाईनं विचारलं, "आन् ते पैसं? ते कुटं भरायचं?"

मी बँकेत विचारलं, पुरवठा शाखेत विचारलं. तिथला कारकून बराच वेळ शोधून म्हणाला, "लोकांकडून वसूल करायचा फॉर्म आहे, पण आपणहून परत करायचा नाही." ते पैसे अजून तिच्या खात्यात पडून आहेत. ती त्यांना हात लावत नाही. बिभीषण दर महिन्याला त्यांची आठवण काढतो.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण चौकशीत त्या दिवशी पारावर अंगठा दिलेल्या आणखी अकरा बायकांची नावं निघाली. सगळ्यांची कनेक्शनं परत फिरवली गेली. पाच-सहा जणींनी कडूबाईचे आभार मानले, कारण त्यांनाही टाक्या मिळेनाशा झाल्या होत्या. बाकीच्यांचे खात्यात पडणारे पैसे बंद झाले. त्यांत भिवराबाई होती.

ती भांडली नाही. एक दिवस कडूबाई तिची टाकी परत द्यायला गेली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुजं झालं ना बरूबर? माज्या गोळ्याचं आता मी बगीन." आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून बोलणं बंद.

कडूबाई हे सांगायला मुद्दाम माझ्याकडं आली होती. काही लिहायचं नव्हतं, तरी खुर्चीवर बसून राहिली.

"तिला आदी इचारायला पायजे व्हतं," ती म्हणाली.

"विचारलं असतं आणि ती नको म्हणाली असती, तर अर्ज केला नसता का?"

तिनं विचार केला. खरोखर केला, मला बरं वाटावं म्हणून नाही. "केला असता. पन इचारलं असतं. तिच्या नावाचं होतं ते, मला काय हक्क? माज्या नावाचं मला न इचारता केलं म्हून तर मी एवढी हिंडले."

मी तिला भिवराबाईच्या निराधार पेन्शनचा अर्ज करता येईल असं सुचवलं. ती म्हणाली, "करा. पन तिला सोता येऊ द्या. मी आनलेला कागद ती घेनार न्हाई, आन् मी बी आता दुसऱ्याच्या नावाचा कागद आननार न्हाई."

मी चकलांब्याच्या एका ओळखीच्या शिक्षकाकरवी निरोप पाठवला. भिवराबाई श्रावणात आली. मी अर्ज भरला. कडूबाईचं नाव दोघांनीही काढलं नाही. अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे.

दिवाळीनंतर मेंढ्या निघाल्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी कडूबाई नव्या बाजरीचं पीठ घेऊन भिवराबाईच्या दारात गेली. हे मला विजयमालानं सांगितलं. भिवराबाई उंबऱ्यात आली. पिठाचं भगुनं घेतलं, आत नेऊन रिकामं केलं, धुऊन परत दिलं. बोलली नाही.

कडूबाईनं घराची किल्ली भगुन्यात ठेवून ते तिच्यापुढं धरलं. भिवराबाईनं भगुन्यात पाहिलं, किल्ली उचलून कमरेला खोचली आणि दार लोटून घेतलं.