लहान पातेलं

इंदिरा नगरात आमच्या खालच्या मजल्यावर नागपूरकडचे एक काका राहायचे. हजरतगंजला कुठल्याशा सरकारी कचेरीत होते. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून चहासुद्धा फिका घ्यायचे, पण बुद्धपौर्णिमेला अख्ख्या गल्लीसाठी खीर स्वतः करायचे. चाखायला मात्र मला वरून बोलवायचे.

"छान झालीय," मी म्हणायची.

"अच्छा. छान म्हणजे काय? वेलची आधी लागते की मागून?"

मी घास गिळेपर्यंत ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी सांगेन तशी मान हलवायचे, जणू खीर त्यांच्याच जिभेवर होती. मला अवघडल्यासारखं व्हायचं. या माणसाला एक चमचासुद्धा घ्यावासा वाटत नसेल का, हे कोडं काही सुटायचं नाही.

एका वर्षी दाराशी कुणीतरी आलं, काका बोलत राहिले आणि खीर तळाला लागली. मी चाखून म्हटलं, "काका, करपलीय."

त्यांनी वास घेतला. मग शांतपणे एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि चमचा धुवून जागेवर ठेवला.

"अशी असली की एकावर थांबता येतं," ते म्हणाले.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला गॅसवर दोन पातेली होती. मोठ्यातली खीर ते एकसारखी ढवळत होते. लहानातून करपल्याचा वास येत होता. मी पटकन ढवळायला हात पुढे केला.

"हाँ, ते राहू दे," ते म्हणाले. "ते माझं."