अळीमामांचा झोका

माणसाला कशाचा लळा लागेल याचा नेम नाही. कुणाला मांजराचा लागतो, कुणाला पोपटाचा. अळीमामांना अळ्यांचा लागला. बरं, फुलपाखरांच्या देखण्या अळ्या असत्या तर एक वेळ समजून घेतलं असतं. या होत्या मेणकिड्याच्या अळ्या. मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मेण फस्त करणाऱ्या, पांढुरक्या, लठ्ठ आणि कमालीच्या ऐतखाऊ.

मामा एका प्रयोगशाळेत कामाला होते. तळमजल्यावरची बिनखिडकीची, मधाच्या वासानं भरलेली खोली म्हणजे त्यांचं राज्य. कोंड्यात मध आणि ग्लिसरीन कालवून ते अळ्यांना खाऊ घालत, डबे ऊबपेटीत ठेवत आणि अळ्या चांगल्या पोसल्या की वरच्या मजल्यावर औषधांचे प्रयोग करणाऱ्या मॅडमकडे पोचवत. मॅडम त्यांना बारीक सुईनं रोगाचे जंतू टोचत. ऐकायला क्रूर वाटतं, पण त्यामागे कारण होतं. जंतू आत शिरला की अळीचं अंग त्याच्याशी बरंचसं आपल्या रक्तातल्या पेशींसारखं झुंजतं. हरली की काळी ठिक्कर पडून मरते. म्हणून नवं औषध माणसाला द्यायच्या आधी अळीला देऊन बघायचं. एका बशीतल्या अळ्यांना जंतू आणि औषध, दुसऱ्या बशीतल्यांना नुसते जंतू. दुसऱ्या बशीनं मरायचं, पहिलीनं जगायचं, मग म्हणायचं औषध गुणाचं.

भानगड अशी झाली की दुसऱ्या बशीतल्या अळ्या मरेचनात. चिमट्यानं ढोसलं की झोपमोड झाल्यासारख्या वळवळत आणि पुन्हा पसरत.

मॅडमनी आधी जंतू वाढवणाऱ्या जंतूभाऊला धारेवर धरलं. तो उसळलाच.

"माझे जंतू मवाळ? अहो मॅडम, खानदानी जंतू आहेत ते! मामांच्या अळ्याच निगरगट्ट!"

"माझ्या लेकरांना नावं ठेवायचं काम नाही," मामा म्हणाले.

जंतू बदलले, सुया बदलल्या, तरी पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मामा, आता एकदाच बघते. याही खेपेला मेल्या नाहीत, तर तयार अळ्या बाहेरून मागवीन. मग ही खोली बंद करावी लागेल."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. खोली बंद म्हणजे त्यांची रवानगी बाटल्या धुवायला. बाटलीला काय जीव लावायचा? घरी आले तर घास घशाखाली उतरेना. बायको बघत होती.

"आपली लेक पाळण्यात रडायची तेव्हा कूस बदलून झोपायचात," ती म्हणाली. "आणि आता किड्यांपायी जेवण जात नाही होय?"

"तुला नाही कळायचं."

"न कळायला काय झालं? मरायला पाठवता आणि जगल्या म्हणून रडता. जगावेगळं आहे तुमचं सगळं!"

मामांनी विचार केला, आपलीच काळजी कुठंतरी कमी पडतेय. मग त्यांनी मध वाढवला आणि त्याहून जास्त झोका वाढवला. हा झोका कुणालाच ठाऊक नव्हता. नवी ऊबपेटी आल्यापासून अळ्या बावरल्यात असं मामांनी परस्पर ठरवलं होतं. म्हणून वर पाठवायच्या आधी ते डबा छातीशी धरून झुलवायचे आणि अंगाई गुणगुणायचे. आता तर ते डबा असा गदागदा हलवू लागले की झाकण वाजायचं.

शेवटच्या खेपेच्या दिवशी मॅडम स्वतःच अळ्या न्यायला खाली आल्या आणि दारातच थबकल्या.

"मामा, हे काय चाललंय?"

"झोका देतोय," मामा ओशाळून म्हणाले. "नवीन पेटीत करमत नाही हो त्यांना."

मॅडम स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"अहो, अळीला असं हलवलं की तिला वाटतं, संकट आलं! तिचं अंग लढायला कंबर कसून तयार होतं. मग मी जंतू टोचून काय होणार? मामा, तुम्ही अंगाई नव्हता गात, तुम्ही तालीम घेत होता!"

मामांना हसावं की रडावं कळेना. अति तेथे माती म्हणतात ती अशी.

तो डबा बाद झाला. नवी पिलावळ वाढली, पण मामांना नुसतं बघायची परवानगी. जंतूभाऊ येता-जाता दारातून ओरडायचा, "मामा, हात खिशात!" आणि मामा हात खिशात घालायचे. डबा वर न्यायचा दिवस आला तेव्हा काठोकाठ दूध भरलेलं पातेलं न्यावं तसे ते जिना चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा थेट वर गेले. दुसरी बशी काळीशार. चिमट्यानं ढोसलं, पुन्हा ढोसलं. एकही हलेना. पहिल्या बशीत मात्र बहुतेक सगळ्या वळवळत होत्या.

मामा जिन्यावरून धावत सुटले. "मेल्या! सगळ्या मेल्या! एक वाचली नाही!"

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं घाईघाईनं टोपी काढली. "अरेरे. घरातल्या होत्या का हो?"

"घरातल्याच! या हातांनी वाढवलेल्या!" मामा हसत म्हणाले. पहारेकरी चार पावलं मागं सरला.

जंतूभाऊनं येऊन मिठी मारली. "बघा! म्हटलं नव्हतं, खानदानी आहेत?" मॅडम म्हणाल्या, "मामा, खोली राहिली तुमची."

मामा खाली आले. पेटीत नवे डबे होते. सवयीनं हात पुढं गेला आणि त्यांनी तो मागं घेतला. आपण कशावर नाचत होतो हे तेव्हा त्यांच्या डोक्यात शिरलं, आणि फार वाईट वाटलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"काय झालं? मेल्या का?"

"मेल्या."

"म्हणजे खोली राहिली ना?"

"राहिली."

"मग आवाज असा का येतोय?"

मामांनी पेटीचं दार हळूच लावलं. एरवी या किड्यांवरून बायकोनं त्यांना सोडलं नसतं.

"संध्याकाळी लवकर या," ती म्हणाली. "जेवायला थांबते मी."