काचेच्या कपाटातली ऊब

कोकमाचं सरबत पेल्यात ओतून मी तो पेला खिडकीशी धरते, तेव्हा बिबवेवाडीचं सकाळचं ऊन त्या द्रवातून झिरपून खाली उतरतं आणि ओट्याच्या पांढऱ्या फरशीवर एक लालस, थरथरता, माणकासारखा डाग उमटवतं. इतर बायका सरबत पितात. मी आधी त्याची उलटतपासणी घेते. पेला तिरका करते, रंग निरखते, गढूळपणा आहे का पाहते, मगच ओठाला लावते. सूनबाई म्हणते, “आई, सरबत आहे ते, आरोपी नाही.” पण काय करणार? जिने उमेदीची सारी वर्षं याच रंगाच्या एका रसाकडे टक लावून काढली, तिची नजर का कधी निवृत्त होते? हसा हवं तर. पण स्वारगेटवरून धावत्या बसमधून मी सरबतवाल्याच्या पेल्यात लिंबू किती थेंब जास्त पडलंय ते सांगू शकते. खोटं वाटत असेल तर बसा एकदा माझ्या शेजारी. खिडकी मात्र माझी.

तो रस पेशींच्या अन्नाचा. सजीवाच्या देहातला कणभर तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी एकमेकींपासून हळुवार सुट्या करायच्या आणि चपट्या काचेच्या बाटलीत, साखर, क्षार आणि वासराच्या रक्तातलं सीरम घातलेल्या त्या अन्नरसात त्यांचा संसार मांडून द्यायचा, हा आमचा व्यवसाय. रसात एक रंगद्रव्य असे. पेशी रुजल्या, जेवल्या, फोफावल्या, की त्यांच्या उच्छिष्टाने रस आंबे आणि लालाचा केशरी, केशरीचा पिवळा होई. म्हणजे पाहा, जगात सर्वत्र लाली हे आरोग्याचं लक्षण, आणि आमच्या बाटलीत मात्र लाली टिकली की समजावं, ताट तसंच परत आलं! पुण्यात पाहुणा न जेवता गेला तर यजमानाला वाईट वाटेलच असं नाही. पण प्रयोगशाळेतला पाहुणा जेवला नाही, तर तो बहुधा मेलेला असतो.

काळ्या टेलिफोनचा आणि गॅसच्या सिलिंडरसाठी देव पाण्यात ठेवण्याचा तो काळ. आमच्या संस्थेत पेशी परदेशातून येत. येत म्हणजे निघत, पोचत क्वचितच. बर्फाळ पेटीतून निघालेल्या त्या सुकुमार जीवांना कस्टमचे साहेब इतक्या आदराने ठेवून घेत की आमच्या हाती यायचं ते फक्त त्यांचं अंत्यदर्शन. एका पेटीत तर इतकी बुरशी माजली होती, की मुंजीच्या पंगतीला भाजी पुरली असती. तरीही आमच्या विभागप्रमुखांची श्रद्धा अढळ होती. त्यांना आम्ही समोर ‘सर’ म्हणत असू आणि पाठीमागे ‘व्हिनेगर’, कारण त्यांच्या नुसत्या सहवासाने अन्नरस पिवळा पडेल अशी आमची खात्री होती. त्यांचं एक वाक्य कानी पडलं, की टेबलावरचे जंतू आपण होऊन मरत. स्पिरिटचा खर्च वाचे. “केशर काश्मीरहून आणि पेशी परदेशाहून,” ते म्हणत. “घरी लावायच्या भानगडीत पडू नये.”

आता तुम्हीच सांगा, असं म्हटल्यावर कोणत्या स्वाभिमानी बाईचा हात स्वस्थ बसेल? मी पडले त्या भानगडीत. आणि पडले तीही कशासाठी, तर पालीसाठी!

भिंतीवरचा हा उपेक्षित प्राणी! आपण तिला शंकेच्या सोबतीला चुकचुकायला बसवलं, पंचांगात तिच्या पडण्याची फळं लिहिली, उजव्या खांद्यावर पडली तर हे आणि डाव्या पायावर पडली तर ते. पण शत्रूच्या तोंडात शेपटी टाकून जी पसार होते आणि काही आठवड्यांत दुसरी शेपटी मिरवीत त्याच ट्यूबलाइटखाली येऊन बसते, तिचा हा अलौकिक उर्मटपणा कोणी नावाजला का? तुटलेल्या जागी देह पुन्हा अंकुरतो, जणू काही घडलंच नाही! त्या अंकुरातल्या पेशी बाटलीत वाढवता आल्या, तर हा उर्मटपणा शिकवणारी शाळाच आपल्या हाती येईल, असं माझ्या मनाने घेतलं. पालींना मारण्याचा प्रश्नच नव्हता. मी काचेच्या पेटीत त्यांना झुरळं खाऊ घाली, आणि नव्या शेपटीचा शेंडा त्या मला जवळजवळ स्वखुशीने देत. घरून डब्यातून पाली घेऊन येणारी मी संस्थेतली एकमेव शास्त्रज्ञ. पीएमटीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा सदैव मोकळी असे, हा त्यातला गौण लाभ.

पण पेशी रुजेनात. शेपटीचा शेंडा मी धुवावा, कापावा, सैल करावा, बाटलीत सोडावा, झाकण घट्ट करून सदतीस अंशांच्या उबदार कपाटात, म्हणजे आमच्या इनक्युबेटरमध्ये, ठेवावा. आणि बाटलीच्या बुडाकडून बघायच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं, तर काय? काचेला पाय रोवून तारकेसारख्या पसरायच्या सोडून पेशी गोळा होऊन, दाणेदार होऊन, तरंगत असायच्या. रस लाल तो लालच. पुन्हा, पुन्हा, आणि पुन्हा लाल! त्या लालीचा मला इतका तिटकारा आला, की हळदीकुंकवाला गेले तर नुसती हळद लावून परत येई.

अखेर सरांनी मला बोलावलं. ते कधी ओरडत नसत; ओरडणं त्यांना उधळपट्टी वाटे. “बाई, तुमची पाल भिंतीवर जगते, खिडकीत जगते, माझ्या टेबलाखाली जगते. फक्त तुमच्या हातात जगत नाही. तिचं काहीतरी म्हणणं असेल, ऐका.” आणि चष्मा पुसत पुढचं वाक्य: “दसऱ्यानंतर इनक्युबेटरमधला तुमचा कप्पा रिकामा करा. काचसामानाच्या भांडारात माणूस हवाच आहे.” म्हणजे ज्या बाटल्यांत जीव वाढवायचा, त्या यापुढे मी नुसत्या मोजून द्यायच्या! मला घरी पाठवलं असतं तर मी रडले असते. पण भांडारात पाठवताहेत म्हटल्यावर मात्र मस्तक भणाणलं. त्याच दुपारी मी शेवटची म्हणून बाटल्यांची नवी तुकडी लावली आणि मनाशी म्हटलं, जायचंच तर पालीसारखं जाऊ, शेपटी त्यांच्या हातात ठेवून!

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी आपल्याकडे सुताराची करवत, शिंप्याची कात्री, ड्रायव्हरची बस जशी विसावते आणि पुजली जाते, तशी आमच्याकडे यंत्रं पुजली जात. परदेशी पाहुणा कोणी आला तर त्याला वाटे, ही विज्ञानसंस्था की देऊळ? पण ज्याच्या जिवावर वर्षभर पोट भरायचं, त्याच्यापुढे एक दिवस हात जोडावे, त्याला एक दिवस राबवू नये, यात अवैज्ञानिक ते काय? या सोहळ्याच्या मुख्य यजमान आमच्या सुमनताई, उपकरणांच्या प्रमुख. हाताखालच्या यंत्राला दमलेलं बघवत नसे त्यांना. इनक्युबेटर बंद करून, आतून पुसून, दाराला झेंडूची माळ घालून, कुंकवाची पाच बोटं ओढून त्या त्याला सुटी देत. आतल्या बाटल्या तेवढ्यापुरत्या शेजारच्या विभागाच्या इनक्युबेटरमध्ये हलवायच्या, ही रीत.

सगळ्यांच्या बाटल्या हलल्या. माझ्या नाही.

“अगं, शेजारच्यांनी स्पष्ट सांगितलं,” सुमनताई चाचरत म्हणाल्या, “तुमच्या माणसांच्या, माकडांच्या पेशी आणा, पालीची पिल्लावळ आमच्यात नको म्हणाले. आता मी काय देवीला सांगू, जागा नाही म्हणून पूजा पुढे ढकल? ठेवल्यात गं मी तुझ्या बाटल्या काचेच्या कपाटात. पश्चिमेच्या खिडकीजवळ. दोन दिवसांचा तर प्रश्न!”

दोन दिवसांचा? दसरा आला, त्याला जोडून रविवार आला, आणि सोमवारी कोणा थोर पुढाऱ्याने नेमका देह ठेवल्याने सरकारी सुटीही आली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन असं तापलेलं, की आमच्या गल्लीत पापड वाळत घातले तर तळूनच निघत. मी घरी आपट्याची पानं वाटत होते आणि मनात माझ्या बाटल्यांचं सुतक पाळत होते. सोनं घ्या, सोनं द्या. आणि माझं सोनं तिकडे अनाथासारखं कपाटात!

मंगळवारी सकाळी मी पोचले तेव्हा सर कपाटापुढे उभे होते. हातात माझी बाटली. रस केशरी! नितळ, उजळ, जिलबीच्या पाकासारखा केशरी.

“सडल्या,” सर म्हणाले. “बाहेर राहिलं की आंबतं. तुमच्या घरी इडलीचं पीठ आंबतं, तसं. द्या वाफेच्या भांड्यात उकळायला, आणि चला भांडारात.”

सांगते तुम्हाला, त्या क्षणी माझ्या पाठीला शेपूट असतं तर ते उभं राहिलं असतं! मी त्यांच्या हातून बाटली घेतली. काढून घेतली म्हणा हवं तर. आमच्या संस्थेच्या इतिहासात सरांच्या हातून काही काढून घेणारी मीच पहिली. ती खिडकीशी धरली. पलीकडच्या भिंतीवर पाटी होती; तिची अक्षरं त्या केशरी रसातून मला स्वच्छ दिसली, आणि मी ती खड्या आवाजात वाचली: “शांतता राखा!”

दालनात खरोखरच शांतता पसरली.

“सडलेलं गढूळ असतं, सर. यातून पाटी वाचता येते. आधी बघा, मग फेका.”

“आणि बघून फेकावंच लागलं तर?”

“तर आयुष्यभर बाटल्या मोजीन. पण न बघता फेकू देणार नाही.”

ते सूक्ष्मदर्शकावर वाकले. किती वेळ वाकले? माझ्या हिशेबाने त्या अवधीत एक पिढी जन्मून म्हातारी झाली असेल. मग ते बाजूला झाले आणि मी डोळा लावला. काय वर्णू तुम्हाला ते दृश्य! काचेच्या तळावर पेशींची रांगोळी पसरली होती. लांबट, निमुळत्या, चातीसारख्या, एकमेकींच्या कडेला कडा भिडवून. आणि मधूनमधून एखादी सर्वांगाने गोल होऊन मोत्यासारखी चकाकत होती, म्हणजे एकीच्या दोन होण्याच्या तयारीत होती. काही घडलंच नाही अशा थाटात!

कारण इतकं साधं, की सांगायलाही लाज वाटावी. पाल थंड रक्ताची. हे आम्हा सर्वांना शाळेपासून पाठ होतं. पण परदेशातून आलेल्या पत्रकावर सदतीस अंश छापलेले होते, ते माणसाच्या पेशींसाठी, उंदराच्या पेशींसाठी. आणि आम्ही ते वेदवाक्य मानून पालीला महिनोन्‌महिने माणसाचा ताप चढवत होतो. काचेच्या कपाटात, पुण्याच्या त्या मोकळ्या उन्हाळलेल्या हवेत, तिला प्रथमच तिची स्वतःची ऊब मिळाली. शेजाऱ्यांनी जागा दिली असती, तर पेशी पुन्हा सदतीस अंशांतच गेल्या असत्या आणि सुखाने मेल्या असत्या! अवहेलनेचे असे उपकार कोणी फेडायचे? एकाची माया ती दुसऱ्याची काहिली. मग ज्याला त्याला आपल्याच तापमानाला आणून जगवण्याचा हा हट्ट आपण सोडणार तरी कधी? आणि न रुजणाऱ्याला ‘तुझ्यातच जीव नाही’ म्हणून हिणवण्याचा?

सरांनी अभिनंदन केलं नाही. पुण्यात ते कोण करतं! “बाटल्यांना चिठ्ठ्या नीट लावा, अक्षर वाचवत नाही,” एवढंच म्हणाले आणि गेले. भांडाराचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे त्या पेशी वाढल्या, पुन्हा वाढल्या, आणि कस्टमच्या कोणत्याही साहेबाला तोंड न दाखवता आमच्या कपाटात नांदल्या. पुढच्या खंडेनवमीला सुमनताईंनी इनक्युबेटरला माळ घातली, कुंकू लावलं, नारळ वाढवला. सगळे पेढ्याकडे वळल्यावर मी पाहिलं: पश्चिमेच्या खिडकीजवळच्या त्या जुन्या काचेच्या कपाटाच्या मुठीत कोणीतरी झेंडूचं एकच फूल खोचलं होतं. मी सुमनताईंकडे पाहिलं. त्यांनी ‘मी नाही’ अशी मान हलवली आणि डोळ्यांनी सरांच्या बंद दाराकडे खूण केली.

आज सकाळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी फवारणीवाल्याला घेऊन दारात उभे राहिले. “काकू, पाली फार झाल्यात. सगळ्या फ्लॅटमध्ये मारून झालं, तुमचाच राहिलाय.” मी दार अडवून उभी राहिले. “तुमच्या झुरळांवर मारा हवं तेवढं. ट्यूबलाइटमागे बसलीय ती माझी सहकारी आहे. तिला अजून निवृत्तीचं वय झालेलं नाही.” ते गेले. जाताना जिन्यात काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं नाही, असं मी ठरवलं.

आता स्वयंपाकघरात सामसूम आहे. भिंतीवर ती आहे. शेपटीचा अर्धा भाग जुना, अर्धा नवा, रंगाने जरा फिकट, जोड स्पष्ट दिसणारा. ती तो लपवत नाही. माझंही बरंच काही असंच जोडून आलेलं आहे, आणि मीही आता ते लपवत नाही. पेला अजून खिडकीशी आहे, फरशीवर तो माणकाचा डाग अजून थरथरतो आहे. लाल, तसाच लाल, कोणी शिवलेलं नाही असा. मी त्याच्याकडे क्षणभर पाहते, आणि मग एका दमात पेला रिकामा करते. डाग विझतो. ताट परत पाठवायची रीत आमच्यात नाही.