फुटलेले गट्टे

काल अमरावतीत शेजारच्या घरातून तुपात परतलेल्या हिंगाचा वास आला आणि मी एकदम अकोल्याच्या मारवाडी काकींच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले. काकी आमच्या शेजारी राहायच्या. त्यांच्या हातचे बेसनाचे गट्टे, म्हणजे उकडलेल्या वळकट्यांचे रश्श्यात सोडलेले तुकडे, मी लहानपणापासून खाल्ले, पण शिकले मात्र कधीच नाही.

लकव्यानं काकींची वाचा गेली तेव्हा मी वीस वर्षांची होते. काका म्हणाले, "बेटा, तुले जमलं तं गट्टे करून दे. दोन दिवसांपासून तिनं काई खाल्लं नाई."

मी पीठ मळून वळकट्या उकळत्या पाण्यात सोडल्या. थोड्याच वेळात त्या फुटल्या आणि पातेल्यात पिवळी लापशी झाली. समोरच्या खाटेवरून काकी माझ्याकडे बघत ओठ हलवत होत्या.

"तेल कमी पडलं काय, काकी? पीठ सैल झालं काय?"

दर वेळी त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मला वाटलं, माझी चूक त्यांना सांगता येत नाहीये. आता वाटतं, त्यांना गट्ट्यांबद्दल काही सांगायचंच नसेल. मी मात्र पिठाबद्दलच विचारत राहिले.